सिनाईतलं बंड शमलं कसं, आणि रफाचे लोक गेले कुठे?

सह्यवारा

गाझाच्या युद्धामुळे 'रफा' हे नाव आता आपल्याकडे घरोघरी पोचलंय. पण रफा दोन होती. १९८२ मध्ये इस्रायलने सिनाई इजिप्तला परत दिलं तेव्हा नवी सीमा या गावाच्या मधूनच गेली. अर्धं गाव गाझात राहिलं, अर्धं इजिप्तमध्ये आलं. या इजिप्तच्या रफाबद्दल आपल्याकडे कुणी बोलताना दिसत नाही. ते जुनं शहर आज उरलेलं नाही. ते परक्या फौजेने पाडलं नाही. दहशतवाद्यांशी लढताना त्याच देशाच्या लष्कराने ते पाडलं. २०११ पासून उत्तर सिनाईच्या बातम्या मी नेमाने वाचत आलोय आणि त्याचा हिशेब मराठीत कुठेतरी मांडला जावा असं फार दिवस मनात होतं. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. हे बंड रणगाड्यांनी आटोक्यात आलं नाही. स्थानिक बदू टोळ्या, म्हणजे वाळवंटातल्या अरब जमाती, लष्कराच्या बाजूने उभ्या राहिल्या तेव्हा पारडं फिरलं. आणि त्यांच्यातल्याच हजारो कुटुंबांना आजही आपल्या जमिनीवर परत जाता आलेलं नाही.

नकाशा डोळ्यासमोर आणा. सिनाई साधारण ६० हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढं. पण बंडाचा पट्टा चिंचोळा होता. बीर अल-अब्द, अल-अरीश, शेख झुवैद, रफा ही सगळी भूमध्य समुद्राकाठची गावं. अरीश ते रफा जेमतेम ४५ किलोमीटर. १९७९ च्या शांतता करारानुसार सिनाईचे पट्टे पाडले गेले आणि गाझा-इस्रायलच्या सीमेला लागून असलेल्या 'क' पट्ट्यात इजिप्तला फक्त साधे पोलीस ठेवायची मुभा होती. लष्कर नाही. करार पाळला जातो की नाही हे बघायला बहुराष्ट्रीय निरीक्षक दल आलं, फिजीसारख्या देशाचे सैनिक १९८२ पासून तिथे आहेत. थोडक्यात, सरकार सगळ्यात विरळ होतं ते नेमकं सीमेवर.

तिथल्या बदूंकडे कैरोने कायम संशयानेच पाहिलं. इस्रायलच्या ताब्यात पंधरा वर्षं राहिलेले लोक, यांचा काय भरवसा, असा सूर. लष्करात त्यांना घेत नसत, कसत असलेल्या जमिनीचे कागद त्यांच्या नावावर होत नसत आणि दक्षिणेकडच्या शर्म अल-शेखच्या हॉटेलांत नोकऱ्या मिळायच्या त्या नाईलच्या खोऱ्यातून आलेल्यांना. उत्तरेत मग उरला गाझाच्या भुयारांतून चालणारा माल. ऑक्टोबर २००४ मध्ये ताबा, जुलै २००५ मध्ये शर्म अल-शेख, एप्रिल २००६ मध्ये दहाब इथे बॉम्बस्फोट झाले. ताबानंतर पोलिसांनी अरीशच्या परिसरात हजारोंना उचललं. बायका आणि म्हातारी माणसंसुद्धा सुटली नाहीत. पुढच्या बंडाचं बी त्या धरपकडीत पडलं, असं मी मानतो.

जानेवारी २०११ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष मुबारक यांच्याविरुद्ध उठाव झाला आणि उत्तर सिनाईतली पोलीस ठाणी रिकामी झाली. इस्रायल आणि जॉर्डनकडे गॅस नेणारी वाहिनी पुन्हा पुन्हा उडवली गेली. त्यामागे 'अन्सार बैत अल-मक्दिस' नावाची संघटना होती. ५ ऑगस्ट २०१२ ला, रमजानमध्ये, रफाजवळच्या चौकीवरचे जवान संध्याकाळी रोजा सोडायला बसले असताना हल्ला झाला आणि १६ जण मारले गेले. आठवड्याभरात अध्यक्ष मोर्सींनी संरक्षणमंत्री तंतावींना घरी बसवलं आणि त्या जागी अब्देल फताह अल-सिसींना आणलं. ३ जुलै २०१३ ला त्याच सिसींनी मोर्सींना हटवलं. मग कैरोतल्या रबाआ चौकात शेकडो निदर्शक मारले गेले. पाचच दिवसांनी रफाजवळ २५ पोलीस शिपायांना गाड्यांतून उतरवून गोळ्या घातल्या. सुट्टीवरून परत येत होते ते, साध्या कपड्यांत, नि:शस्त्र.

पुढचं प्रतिसादांत लिहितो. एकदम सगळं टाकलं तर कुणी वाचणार नाही.


मुक्ता७८

वाचतेय. वाचनखूण साठवली. फक्त एक प्रश्न. मोर्सी मुस्लिम ब्रदरहूडचे ना? मग हे सिनाईवाले त्यांचेच लोक होते का? त्यांना हटवल्यावर हल्ले वाढले म्हणून विचारतेय.


सह्यवारा

मुक्ताताई, प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण इजिप्तच्या सरकारने हे दोन्ही एकाच माळेचे मणी म्हणून दाखवले. ब्रदरहूड ही इस्लामी राजकीय संघटना १९२८ मध्ये हसन अल-बन्ना यांनी इस्माइलियात काढली. अलीकडच्या काळात निवडणूक लढवून सत्तेवर येणं हा तिचा मार्ग होता. सिनाईतल्या गटाला निवडणूकच मुळात मान्य नव्हती, त्यांच्या लेखी मोर्सीसुद्धा धर्मभ्रष्ट. आणि पहिला मोठा हल्ला, ते १६ जवान, मोर्सींच्याच काळातला.

२०१३ नंतर मतपेटीवरचा विश्वास उडालेली काही तरुण पोरं हत्याराकडे वळली आणि त्यातली काही सिनाईत पोचली, हे खरं. पण संघटना वेगळ्या, माणसं वेगळी. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिनाईच्या गटाने आयसिसच्या बगदादीशी निष्ठा जाहीर केली आणि 'विलायत सिनाई', म्हणजे सिनाई प्रांत, हे नाव घेतलं. जानेवारी २०१८ मध्ये तर त्यांनी हमासविरुद्ध उघड युद्ध पुकारलं. हमासला शस्त्रं पुरवल्याच्या आरोपावरून आपल्याच एका माणसाला मारतानाचा व्हिडिओ त्यांनी प्रसिद्ध केला होता.


दर्यावर्दी

मी जहाजावर असतो, सुएझमधून बऱ्याचदा गेलोय. कालव्यातून उत्तरेकडे जाताना डाव्या हाताला शेतं, खजुरीची झाडं, इस्माइलियाची वस्ती दिसते. उजव्या हाताला सिनाई, नुसती वाळू आणि पहारा.

ऑगस्ट २०१३ च्या अखेरीस कालव्यातून जाणाऱ्या 'कॉस्को एशिया' या कंटेनर जहाजावर काठावरून रॉकेट डागलं होतं. जहाजाचं फार नुकसान झालं नाही. पण आमच्या लोकांत त्याची खूप चर्चा झाली होती, कारण कालव्यात जहाज रांगेतच चालतं. वेग वाढवायचा नाही, वळायचं नाही, थांबायचं नाही. आपल्या कोकणातली कितीतरी पोरं त्या मार्गावर असतात. घरच्यांना सोमालियाचे चाचे माहीत असतात, हे नसतं. चांगला विषय घेतलात.


निवृत्त_सुभेदार

लेख आवडला, पण एका बाबतीत सहमत नाही. रणगाड्यांनी काही झालं नाही हे म्हणणं सोपं आहे. समोर कोर्नेट जातीची रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं असलेली संघटना होती. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्राने लष्कराचं हेलिकॉप्टर पाडलं. जुलै २०१५ मध्ये किनाऱ्यावरून इजिप्तच्या नौदलाची बोट पेटवली. डिसेंबर २०१७ मध्ये अरीशच्या विमानतळावर संरक्षणमंत्री आणि गृहमंत्री दोघेही भेटीवर असताना त्यांच्या ताफ्यातल्या हेलिकॉप्टरवर मारा झाला. अशा ठिकाणी नुसतं टोळीप्रमुखांशी चहा पिऊन भागत नाही.

आणि रफाचं म्हणाल तर भुयारं घरांच्या आतून निघत होती. घर ठेवून भुयार कसं बुजवणार? मी स्वतः घुसखोरीच्या पट्ट्यात नोकरी केलीय. सीमेवर मोकळा पट्टा असला की जवानाचा जीव वाचतो.


सह्यवारा

सुभेदारसाहेब, तुमचा अनुभव मोठा, त्यामुळे मुद्देसूद लिहायचा प्रयत्न करतो.

मोकळा पट्टा ठेवण्यात लष्करी तर्क आहे, मान्य. प्रश्न तो किती आणि कसा हा आहे. २४ ऑक्टोबर २०१४ ला करम अल-कवादीस इथल्या चौकीवर हल्ला होऊन तिसाच्या आसपास सैनिक मारले गेले आणि काही दिवसांतच रफात पाडापाडी सुरू झाली. आधी सीमेपासून ५०० मीटर म्हणाले, मग एक किलोमीटर. सरकारी हुकमात मात्र ७९ चौरस किलोमीटरचा पट्टा होता, त्यात सगळं रफा शहर येत होतं. ह्यूमन राइट्स वॉचने उपग्रहाची छायाचित्रं तपासून जुलै २०१३ ते ऑगस्ट २०१५ या काळातच किमान ३,२५५ इमारती पाडल्या गेल्याची नोंद केली. घरं, दुकानं, शाळा, मशिदी. ऑलिव्हच्या बागाही उखडल्या, आणि ऑलिव्हचं झाड म्हणजे तिथल्या कुटुंबाची दोन-तीन पिढ्यांची कमाई. लोकांना सामान हलवायला कुठे दोन दिवस मिळाले, कुठे तेवढेही नाही. शेताची भरपाई बहुतेकांना मिळालीच नाही.

एवढं करून बंड थांबलं का? नाही. १ जुलै २०१५ ला त्यांनी शेख झुवैदमध्ये एकाच वेळी अनेक चौक्यांवर हल्ला केला आणि शहर काही तास धरून ठेवलं. लष्कराला एफ-१६ विमानं वापरावी लागली. ३१ ऑक्टोबर २०१५ ला शर्म अल-शेखहून निघालेलं रशियन प्रवासी विमान सिनाईवर कोसळलं आणि २२४ माणसं गेली. आयसिसने नंतर आपल्या मासिकात शीतपेयाच्या एका डब्याचं छायाचित्र छापलं आणि बॉम्ब यातूनच नेला असा दावा केला. माझ्या मते बंडाचा सगळ्यात रक्तरंजित काळ रफा पाडल्यानंतरचा आहे, आधीचा नाही.


मंजिरी_ठाणे

आम्ही पुढच्या हिवाळ्यात इजिप्तला जायचं म्हणतोय, टूरवाले शर्म अल-शेख दाखवतात. सेफ आहे का? आणि मशिदीवर हल्ला झाला होता तो इथलाच का? मुसलमानांनीच मशिदीवर का हल्ला केला ते तेव्हाही कळलं नव्हतं.


सह्यवारा

शर्म दक्षिण सिनाईत आहे, बंडाच्या पट्ट्यापासून लांब, मध्ये डोंगर आणि वाळवंट. विमानाच्या घटनेनंतर ब्रिटनने शर्मची उड्डाणं ऑक्टोबर २०१९ पर्यंत बंद ठेवली होती आणि रशियाने तर २०२१ च्या ऑगस्टपर्यंत. आता दोन्ही सुरू आहेत. जायच्या आधी आपल्या परराष्ट्र खात्याची सूचना बघून घ्या, तिथली परिस्थिती गाझावर अवलंबून असते.

मशिदीचं जरा सविस्तर सांगतो.

बीर अल-अब्दजवळ अल-रौदा नावाचं गाव आहे. गावात सवारका टोळीची वस्ती, शिवाय शेख झुवैदकडून लढाईमुळे उठून आलेली कुटुंबं. गावावर जरीरी या सूफी पंथाचा प्रभाव. आयसिसच्या लेखी सूफी म्हणजे पाखंडी. २०१६ मध्ये त्यांनी सुलेमान अबू हराझ या शंभरीला टेकलेल्या, आंधळ्या सूफी शेखांचा शिरच्छेद केला होता. आयसिसच्या मासिकात त्यांच्या एका म्होरक्याने मुलाखतीत रौदाचं नाव घेऊन धमकी दिली होती, म्हणजे हल्ल्याच्या कितीतरी महिने आधी. गावाने लष्कराला मदत केल्याचा रागही होता.

२४ नोव्हेंबर २०१७, शुक्रवार. दुपारच्या नमाजासाठी मशीद भरलेली. इमाम मिंबरवर, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्यावर, चढून प्रवचन सुरू करत होते. पंचवीस ते तीस हल्लेखोर गाड्यांतून आले, दारावर आणि बारा खिडक्यांवर उभे राहिले आणि आत गोळीबार सुरू केला. बाहेरच्या गाड्या पेटवल्या, म्हणजे कुणाला पळता येऊ नये. मदतीला आलेल्या रुग्णवाहिकांवरही गोळ्या झाडल्या. सरकारी वकिलांनी जाहीर केलेला आकडा ३०५, त्यात २७ मुलं. नंतर तो ३११ वर गेला. बऱ्याच घरांतले सगळे कर्ते पुरुष एका दुपारी गेले. इजिप्तच्या आधुनिक इतिहासातला हा सगळ्यात भीषण दहशतवादी हल्ला आहे आणि मरणारे सगळे नमाजी होते. हे लोक इस्लामसाठी लढत होते असं कुणी म्हटलं तर मी रौदाचं नाव सांगतो.

कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या मूळच्या, ख्रिश्चनांनाही त्यांनी असंच टिपलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये अरीशमध्ये एकामागून एक खून झाल्यावर शेकडो कॉप्टिक कुटुंबं इस्माइलियाला पळाली. एप्रिलमध्ये ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी टांटा आणि अलेक्झांड्रियाच्या चर्चमध्ये स्फोट झाले.


मंजिरी_ठाणे

सुन्न झाले वाचून. धन्यवाद, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं.


अरूपाचे_रूप

हे सगळं कळतं कसं पण? तिथे पत्रकार जाऊ शकतात का? मी मध्यंतरी शोधलं तेव्हा फक्त सैन्याच्या प्रवक्त्याच्या फेसबुक पानावरचे आकडे सापडले, 'इतके तकफिरी (म्हणजे अतिरेकी) ठार' एवढंच.


सह्यवारा

पत्रकारांना उत्तर सिनाईत स्वतंत्रपणे फिरू देत नव्हते, आजही परवानगीशिवाय जाता येत नाही. १ जुलै २०१५ च्या हल्ल्यात वृत्तसंस्थांनी मृत सैनिकांचे आकडे साठच्या पुढे दिले, लष्कराने १७ सांगितले. पुढच्याच महिन्यात दहशतवादविरोधी कायदा आला. सरकारी माहितीपेक्षा वेगळं छापलं तर दोन ते पाच लाख इजिप्शियन पौंड दंड. छोटं वर्तमानपत्र एका बातमीने बंद पडेल.

मी स्वतः तीन ठिकाणचं जुळवून वाचतो. लष्कराचं निवेदन, आयसिसच्या 'अल-नबा' साप्ताहिकाबद्दल अभ्यासक लिहितात ते, आणि सिनाईच्याच लोकांनी परदेशातून चालवलेल्या मानवाधिकार संस्थांच्या नोंदी. लष्कर मेलेल्यांची नावं देत नाही, आयसिस स्वतःची हानी सांगत नाही. पण शहीद जवानाच्या गावी, नाईलच्या खोऱ्यात, अंत्ययात्रा निघते तेव्हा स्थानिक बातमी येतेच. गावोगावच्या त्या बातम्या मोजल्या की आकडा बराचसा उलगडतो. अध्यक्ष सिसींनी नंतर स्वतःच सांगितलं की लष्कर-पोलिसांचे तीन हजारांहून जास्त लोक या लढाईत गेले. त्यातले बहुतेक सक्तीच्या भरतीतले, गरीब शेतकऱ्यांची विशी-बाविशीतली पोरं. त्यांची बाजू मी कधीच कमी लेखणार नाही.


निवृत्त_सुभेदार

हे शेवटचं लिहिलंत ते बरं केलंत.

आता टोळ्यांचा मुद्दा सांगा. इराकमध्ये अमेरिकनांनी २००६-०७ ला अन्बारमध्ये स्थानिक टोळ्यांना अल-कायदाविरुद्ध असंच उभं केलं होतं, त्याला 'सहवा' म्हणत. अल-कायदा वर्षा-दीड वर्षात मागे हटली. पण नंतर मलिकी सरकारने त्या लोकांना ना नोकऱ्या दिल्या ना मान, आणि २०१४ ला आयसिस त्याच भागात परत आली.


सह्यवारा

अगदी तोच धोका मलाही दिसतो.

सिनाईत ठिणगी पडली २०१७ च्या एप्रिलमध्ये. आयसिसने सिगारेटची तस्करी हराम ठरवून तराबीन टोळीच्या लोकांना मारहाण करायला सुरुवात केली. तराबीन ही सिनाईतली सगळ्यात मोठ्या टोळ्यांपैकी एक, ती गप्प बसणारी नव्हती. रफाच्या दक्षिणेला अल-बर्थ भागात दोघांत उघड लढाई झाली. त्याच अल-बर्थच्या चौकीवर ७ जुलैला आयसिसने हल्ला केला आणि कर्नल अहमद मन्सी वीसहून अधिक जवानांसह मारले गेले. मन्सींवर पुढे इजिप्तमध्ये रमजानची मालिका निघाली, घराघरांत पोचली. टोळीवाल्यांवर कुणी मालिका काढली नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये 'सर्वंकष मोहीम सिनाई २०१८' सुरू झाली. सुरुवातीला तिने सामान्य लोकांचेच हाल केले. अरीशमध्ये पेट्रोल बंद, भाजी-दूध रेशनवर, रस्ते अडवलेले. इस्रायलची मदत होती, शंभराहून जास्त हवाई हल्ले इस्रायलने गुपचूप केल्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने त्याच महिन्यात दिली आणि सिसींनी जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकी वाहिनीवर सहकार्य मान्यही केलं. तरी जुलै २०२० मध्ये आयसिस बीर अल-अब्दच्या पश्चिमेकडच्या कातिया आणि आसपासच्या खेड्यांत घुसली, म्हणजे कालव्याच्या दिशेने. हजारो लोक पळाले. ऑक्टोबरमध्ये ते घरी परतले तेव्हा दारांत, अंगणांत पेरलेल्या सुरुंगांनी बायका-मुलं मारली गेली.

यानंतर धोरण बदललं. 'सिनाई टोळी संघ' या नावाखाली तराबीन, सवारका, रुमैलात या टोळ्यांच्या तरुणांना शस्त्रं आणि वाहनं दिली, लष्कराबरोबर मोहिमांवर नेलं. वाळूतल्या पावलाचा माग काढणारे तेच, कुठल्या वाडीत कुणाचा भाचा आयसिसमध्ये गेलाय हे माहीत असणारेही तेच. दुसरीकडे शरण येणाऱ्यांना घरच्यांमार्फत निरोप जायला लागले, 'ये, मारणार नाही.' २०२१ मध्ये संघटनेचा एक वरिष्ठ काजीसुद्धा कुटुंबासह शरण आला. ७ मे २०२२ ला कालव्याच्या पूर्वेला एका पाणी उपसा केंद्रावर हल्ला होऊन ११ जवान गेले. त्यानंतर हल्ल्यांची संख्या झपाट्याने घसरली, आणि आता बंड म्हणावं असं काही उरलेलं नाही.


मुक्ता७८

मग त्या टोळ्यांना बदल्यात काय मिळालं?


सह्यवारा

सगळ्यांना सारखं नाही. संघाचे पुढारी इब्राहिम अल-ओर्गानी २००८ मध्ये बदूंच्या आंदोलनात तुरुंगात गेले होते, त्यांचा भाऊ पोलिसांच्या गोळीने मेला होता. आज ते इजिप्तमधल्या सगळ्यात ताकदवान उद्योजकांपैकी एक आहेत. मे २०२४ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली 'अरब टोळी संघ' जाहीर झाला आणि रफाच्या दक्षिणेला अल-अजरा इथे सिसींच्या नावाने शहर बांधायची घोषणा झाली.

आणि साधा माणूस? रफा आणि शेख झुवैदच्या लोकांना लष्कराच्या अधिकाऱ्यांनी २० ऑक्टोबर २०२३ पर्यंत परत जाऊ देऊ असा शब्द दिला होता. तेवढ्यात गाझाचं युद्ध पेटलं. मुदत उलटल्यावर तीन दिवसांनी लोक शांतपणे रस्त्यावर आले, हातात जमिनीचे जुने कागद असतील-नसतील, मागणी एकच, घरी जाऊ द्या. लष्कराने हवेत गोळ्या झाडून पांगवलं आणि कित्येकांना पकडून लष्करी न्यायालयात उभं केलं. त्यात आयसिसविरुद्ध लष्कराच्या खांद्याला खांदा लावून लढलेली माणसं होती. मला यातलं हेच सगळ्यात जास्त खुपतं.


निवृत्त_सुभेदार

हे मला माहीत नव्हतं. बरोबर लढलेल्या माणसाला असं वागवणं कुठल्याही फौजेला शोभत नाही. मोकळ्या पट्ट्याबद्दलचं माझं म्हणणं तसंच आहे. पण पर्यायी जमीन आणि घर आधी हातात द्यायला हवं होतं.


दर्यावर्दी

'न्यू रफा' म्हणून काहीतरी बांधतायत ना?


सह्यवारा

हो, सदनिकांच्या रांगा आहेत. पण ज्यांची ऑलिव्हची बाग आणि बकऱ्या होत्या त्यांना तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, तोही हप्त्यांवर, पटत नाही. शिवाय बदू कुटुंब टोळीच्या जागेत एकत्र राहतं, सोडतीने घरं वाटली की ती वीण तुटते.

पुढे लक्ष ठेवायचं तर दोन गोष्टींवर ठेवा. युद्ध सुरू झाल्यापासून इजिप्तने 'क' पट्ट्यात रणगाडे आणि फौज वाढवली आहे, इस्रायल त्याला करारभंग म्हणतंय. आणि टोळ्यांकडची शस्त्रं सरकार परत घेतं की त्या माणसांना पगारावर सामावून घेतं, हे बघायला हवं. इजिप्तचा माजी लष्करी अधिकारी हिशाम अश्मावी या गटातून फुटून लिबियातल्या डेर्नाला गेला, तिथे २०१८ मध्ये पकडला गेला आणि २०२० मध्ये त्याला फाशी झाली. त्याची गोष्ट इथे बसवली असती तर फार लांबलं असतं. त्यावर आणि डेर्नावर वेगळा धागा काढतो, पुढच्या आठवड्यात.


मुक्ता७८

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.